चंदनची राहिलेली नोंद

१

चोरी उघडकीस आली ती दिवाबत्तीच्या वेळेला. आणि गेलं काय म्हणाल, तर सोनं नाही, नाणं नाही. जागच्या जागी उभा करून ठेवलेला एक माणूस जागेवरून गेला होता.

माणूस कॉम्प्युटरातला. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर हिराचं घर, त्या घराच्या बाहेरच्या खोलीत तिच्या थोरल्या मुलाचा, चंदनचा, कॉम्प्युटर होता. त्यावर हिराने आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा घातलेला असे. रोज तुळशीपुढे दिवा ठेवला की ती चंदनच्या बायकोला, संजनाला, हाक मारायची. संजना लुगडं बाजूला करून चंदनचा खेळ उघडायची आणि दोघी बघत बसायच्या. बघायचं काय? निळं पाणी, त्यात बुडालेलं भलंमोठं जहाज, आणि जहाजाच्या कठड्याला हात लावून उभा असलेला पाणबुड्या. थोडा वेळ बघायचं आणि बंद करायचं. कुठलंही बटण दाबायचं नाही, असा हिराचा कायदा होता, आणि हिराचा कायदा मोडायची त्या वाडीत कुणाची टाप नव्हती.

खेळ असा होता. जहाज बुडेपर्यंत त्याचा कप्तान रोजची हकिगत यंत्रात बोलून ठेवत होता. ती यंत्रं, काड्यापेटीएवढी, खेळ करणाऱ्याने कुठे पिंपात, कुठे खाटेखाली, कुठे शिंपल्याआड दडवलेली. एक सापडलं की कप्तान इंग्रजीत बोलू लागायचा. चंदन त्यांना लॉग म्हणायचा, घरातले नोंदी म्हणायचे. अशा चाळीस. एकोणचाळीस चंदनने काढल्या होत्या. चाळिसाव्या नोंदीपायी त्याने वर्षभर ते जहाज पालथं घातलं, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, आईच्या खाल्ल्या, पण ती काही हाताला लागली नाही. शेवटच्या फेरीला ट्रॉलरवर जाताना त्याने पाणबुड्याला कठड्यापाशी उभा केला आणि म्हणाला, "येऊन सोदतंय गे आये. तवसर हेका कोणी हात लावू नको."

त्याच फेरीत फयान वादळ आलं. बोटीवरचे दोघे वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्याला लागले, ते जिवंत नव्हते. चंदन कुठेच लागला नाही.

दिवाळी मागे पडून आता आंबे उतरले होते. लोक हिरासमोर आवाज खाली करून बोलायला लागले होते. त्यांना ती एकच शब्द ऐकवायची, येतलो. सापडला नाही तो मेला, असं कुठल्या शहाण्याने सांगितलं? पुढे बोलायची सोय ती ठेवत नसे.

आणि त्या संध्याकाळी पाणबुड्या जहाजावर नव्हता. तो कोरड्या रेतीत उभा होता, दर्याकडे पाठ करून. वरच्या कोपऱ्यात चाळीसचा आकडा होता. हिराला अक्षरं लावत बसावी लागत, पण आकडे तिला पाठ होते. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला आकडे येत नसतील तर लोक तिच्या पाटीसकट तिलाच विकून येतील.

संजना दोन पावलं मागे सरकली. तिला वाटलं, आता सासू घर डोक्यावर घेणार. पण हिरा चिडली नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काही चमकलं होतं. येऊन शोधतो, असं तो म्हणाला होता. नोंद सापडली होती.

ती उठली आणि परसदाराची कडी लावलेली आहे की नाही ते बघून आली. कडी उघडी होती.

२

मनातलं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेडी ठरली असती, आणि वेडी म्हणवून घेण्याआधी हिरा दहाजणांना वेडं ठरवणारी. तिने हिशोब सोपा मांडला. ती सोडून घरातली माणसं तीन. तिघांनीही ते केलं नसेल तर करणारा चौथा. तेव्हा चोर पकडायला निघालेली ही पहिलीच बाई असेल, जी प्रत्येकाच्या 'नाही'ची आशेने वाट बघत होती.

पहिली संजना. पोर बारावी शिकलेली, आतल्या गावातली, दर्या बघून अजून दचकणारी. हल्ली तिचे कसले कसले उपास चालू होते, सोमवार झाला की गुरुवार. तिने देवाची शपथ घेतली की बटणाला हात लावलेला नाही. दुपारी ती मागच्या बाजूला आमसुलं वाळत घालत होती. मग तिनेच एक गोष्ट दाखवली. माऊस ती उजव्या हाताला ठेवते, काल बंद करतानाही तिथेच ठेवला होता. आज तो डाव्या बाजूला पडला होता.

हिराने तो बघितला आणि हात न लावता तसाच राहू दिला. चंदन डावखुरा. डाव्या हाताने जेवतो म्हणून लहानपणी तिने त्याच्या मनगटावर पळी मारली होती, तरी शेवटपर्यंत त्याचा माऊस डावीकडेच असायचा.

दुसरा स्वरूप, धाकटा. त्याला तिने जेवायला बसल्यावर गाठला, कारण पुरुषाच्या तोंडात घास असला की त्याला खोटं रचायला वेळ मिळत नाही. पानात बांगड्याचं तिखलं होतं. बऱ्याच दिवसांनी तो बांगडा खात होता. देवगडला जुनं इंजिन बघायला बापलेक गेले होते, तिथून आल्यावर दोघेही काही दिवस शिवराक जेवले होते. पोट बिघडलंय म्हणून डाळ आणि फणसाची भाजी. तिने तेव्हाच ऐकवलं होतं की कोळ्याच्या घरात आता टाळ-मृदुंग तेवढे आणायचे राहिलेत. स्वरूप म्हणाला की दुपारभर तो जेटीवर होता, शंभर माणसांनी बघितलंय. त्याला फुटबॉलचा खेळ येतो, हा येत नाही. खरं असावं. फक्त उत्तर देण्याआधी त्याने एकदा बापाकडे बघितलं.

बाप म्हणजे आबा. त्याला विचारायचं ते नावापुरतं. आबा पडवीत जाळं सांधत बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं फार मागे बोटीवरच्या रहाटाने खाल्ली, तेव्हापासून सुई डाव्या हातात, चहाची बशी डाव्या हातात. टीव्हीचं बटण त्याने कधी दाबलं नव्हतं. माणूस जुन्या चालीचा. होडी पाण्यात लोटली की आधी मागे वळून देवळाच्या कळसाला हात जोडणार, मग पुढे तोंड करणार. इंजिन आलं तरी ते सुटलं नाही. पोरं हसायची, चंदन तर म्हणायचा की देव काय पळून चाललाय काय. देवगडला उन्हाने टाळूवर फोड आले म्हणून आबा डोकं तासडून, पार बोडकं करून आला होता, आणि तेव्हापासून हिरा त्याला सोललेला नारळ म्हणत होती.

"चंदनच्या कॉम्प्युटराक तुमी हात लावलात?"

"माका काय इचारतंस? त्या डब्यातला माका काय कळता?"

हिरा हसली आणि आत गेली. तिन्ही दारं बंद झाली होती, तिच्या मते.

त्या दिवसापासून परसदाराची कडी तिने मुद्दाम उघडी ठेवायला सुरुवात केली. बाजारातून येताना सुरमईचा मधला तुकडा बाजूला काढून आणू लागली. कुणासाठी म्हणून कुणी विचारलं नाही, आणि ते विचारत नाहीत याचंही तिला काही वाटलं नाही.

३

एकजण राहिला होता. रविराज. चंदनचा जिवाचा दोस्त, भरड नाक्यावर त्याचं इंटरनेटचं दुकान. खेळ आणून देणारा तोच. हिरा रिकामी पाटी काखेला मारून थेट त्याच्या दुकानात शिरली. तिथे बसलेली कॉलेजची पोरं मासळीच्या वासाने नाकं मुरडायला लागली. तिने त्यांना सांगितलं की हाच वास खाऊन तुमचे बाप मोठे झाले.

रविराजने तिला बाकावर बसवलं, चहा मागवला. कुठली नोंद कुठे आहे ते सगळं इंटरनेटवर मिळतं, हे त्याने लपवलं नाही. पण चंदनने त्याला गळ्याची शपथ घातली होती की शेवटची नोंद कुठे आहे ते बघायचं नाही आणि मला सांगायचं नाही. त्याने बघितलं नव्हतं. हिराने त्याच्या डोळ्यांत बघितलं. मासा ताजा की शिळा तेही ती डोळ्यांवरूनच सांगायची. पोरगा ताजा होता.

चौथा 'नाही' मिळाला. आता तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण हिराचा स्वभाव तिला थांबू देईना. पाणबुड्या ज्या रेतीत उभा होता ती रेती कुठली, हे तिला जाणून घ्यायचं होतं. चंदन आपल्याला काही सांगू बघत असेल तर ते त्या रेतीत असेल, असं तिच्या मनाने घेतलं. ती रविराजला घरी घेऊन आली.

त्याने खेळ उघडला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"काकी, ही खेळाची सुरुवातीची जागा. खेळ सुरू होता तेवा पाणबुड्यो हयच उबो असता, तोंड दर्याकडे. समोर पाणी, म्हणान सगळे सरळ पाण्यात उडी घेतत. आमी दोघांनी एकदाय पाठी वळान बगूक नाय."

"मगे?"

"नोंद काडणाऱ्यान बगल्यान. नोंद ह्या दगडाच्या मुळात होती, पाठल्या बाजूक." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "पण काकी, ह्यो होतो जहाजार. थंयसून पोवत परत किनाऱ्याक इलो. केवढो लांब. नोंदी जहाजात असतत, तर ती सोदणारो माणूस जहाज सोडून परत कित्याक येतलो? आनी येऊन मगे दर्याक पाठ करून उबो कित्याक रवतलो?"

रविराज हे स्वतःलाच विचारत होता. डोकं खाजवून तो म्हणाला की हे चंदनचं काम नव्हे एवढं नक्की, चंदन मागे फिरणाऱ्यातला नव्हता.

हिराला मात्र उत्तर मिळालं होतं. पाण्यात जाण्याआधी जो मागे वळतो असा माणूस या घरात एकच होता.

४

रविराज गेला तरी ती तिथेच बसून राहिली. पुढ्यात तांदूळ निवडायला घेतले होते, पण खडे कुठले आणि तांदूळ कुठले ते दिसत नव्हतं.

एक धागा हाताला लागला की सगळं जाळं ओढत येतं, तसं झालं. डावीकडचा माऊस. चंदन डावखुरा होता, पण ज्याच्या उजव्या हाताला पकडायला बोटंच नाहीत तो कुठल्या हाताने धरणार? तिने चौघांना विचारलं होतं. तिघांनी नाही म्हटलं. आबाने उलट प्रश्न केला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, आबा तिच्याशी खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायची पाळी आली की तो प्रश्न विचारायचा. हे तिला माहीत होतं आणि ती हसून आत निघून गेली होती.

इथवर रागच येत होता. पण मग तिने स्वतःला विचारलं की आबासारख्या माणसाने त्या डब्याला हात लावावा असं त्याला पडलं काय होतं, आणि राग होता तिथेच गार पडला.

देवगड. इंजिन बघायला गेले, इंजिन आलं नाही. कुठलं, कसलं, एक शब्द कुणी बोललं नाही. डोकं तासडलेलं. दर्यावर सगळा जन्म उन्हात काढलेल्या माणसाच्या टाळूला त्याच एका दिवशी फोड आले? बापलेकांचं पोट एकदम बिघडलं, आणि घरी बसलेल्या सुनेचे उपास नेमके त्याच दिवसांत सुरू झाले. तीन पानं शिवराक, चौथ्या पानात तेवढी मासळी. ते चौथं पान तिचं.

कोळ्याच्या घरात मासळी कधी बंद होते? हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सासू गेली तेव्हा तिने ती बंद केली होती, दीर गेला तेव्हा केली होती.

खुणा सगळ्या तिच्यासमोरून गेल्या होत्या. प्रत्येकीवर तिने एकेक टोमणा मारला होता आणि तिला वाटेला लावलं होतं.

परसदार वाऱ्याने आपटत होतं. ते लावायला ती उठली नाही. ती तशीच बसली आणि मनाशी म्हणाली, मला कळलं नाही असं धरून चालावं. जन्मात कुठलीही गोष्ट तिने न बोलता सोडली नव्हती. ही सोडावी.

तेवढ्यात पडवीत आबाचा खोकला ऐकू आला, आणि तिचा बेत तिथेच मोडला.

५

तिने तिघांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. आबाला खुर्चीवर बसवलं, त्याच कॉम्प्युटरच्या पुढ्यात. स्वरूप दाराशी उभा राहिला, संजना भिंतीला टेकून. हिराने आवाज चढवला नाही, त्यामुळे तिघेही जास्त घाबरले.

तिने सगळं ओळीने सांगितलं. माऊस, बोटं, रेती, मागे वळून उभा राहिलेला पाणबुड्या. नोंद कोणी काढली ते सांगून झालं तेव्हा आबाने मान खाली घातली. तिथे थांबली असती तर चोर सापडला होता आणि गोष्ट एका खेळावर मिटली असती. संजनाने मध्येच चहा करू काय म्हणून विचारलंही. हिराने तिला हाताने बसवलं.

"आता देवगडाचा सांगा," ती आबाला म्हणाली. "इंजिन किती घोड्याचा होता?"

स्वरूप रडायला लागला. केवढा बाप्या, दारात उभा राहून हमसून हमसून रडायला लागला, आणि हिराला कबुली मिळाली. चंदनचं क्रियाकर्म झालं होतं. देह नव्हता म्हणून भटजीने दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस केला होता. त्याला अग्नी दिला होता, खाडीकाठी पिंड ठेवला होता. सगळं तिच्या पाठीमागे, कारण तिच्यासमोर हे काढायची कुणाची हिंमत नव्हती, आणि पोराचा आत्मा दर्यावर तसाच भिरभिरत ठेवायची आबाची तयारी नव्हती.

"पण नोंद?" तिने विचारलं. "नोंद कित्याक काढलात?"

आबाने तुटक्या बोटांचा हात दुसऱ्या हाताने झाकला.

"कावळो शिवना," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. कावळा सुरूच्या झाडावर बसून होता आणि पिंडाकडे बघत नव्हता. स्वरूपने हात जोडून सांगितलं, वहिनीला बघतो. कावळा हलला नाही. आईला बघतो, म्हणाला. हलला नाही. बोट परत उभी करतो, म्हणाला. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाला, आता दर्भाचाच कावळा करून शिवूया, किती वेळ थांबायचं.

"मगे माज्या तोंडातसून आपसूक भायर पडला. म्हटलंय, बाबा, तुजी ती एक नोंद रवली हा, ती मी सोदून काडतंय." आबाने नाक पुसलं. "तसो तो झाडावरसून उतरलो."

स्वरूपने रडतच मान हलवली.

पुढचं तो हळूहळू बोलला. वचन दिलं होतं, पाळायला हवं होतं. बटणं स्वरूपने शिकवली. हिरा बाजारात बसली की तो दुपारचा कॉम्प्युटरपुढे बसायचा. नोंद कुठे शोधायची हे त्याला कळत नव्हतंच. त्याला एकच दिसत होतं. तो पाणबुड्या तिथे खोल पाण्यात, काळोखात, त्या मेल्या जहाजावर उभा होता आणि सगळ्यांनी त्याला तिथेच उभा करून ठेवला होता.

"माका बगवना गो, हिरा. म्हटलंय, नोंद मागीर सोदूया, आदी ह्येका किनाऱ्याक हाडूया. रोज दुपारी हाडीत होतंय, आनी मदीच खंयतरी वाट चुकी. तसोच बंद करून ठेवी, दुसऱ्या दिसा परत जहाजार. शेवटाक एकदा पावलो. रेतीत उबो केलंय. आनी सवयीन पाठी वळवलंय, देवाक हात जोडूक. तर थंयच ती."

सापडल्याबरोबर खेळ आपोआप तसाच धरून राहील आणि पाणबुड्या परत जहाजावर दिसणार नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने हात लावला नसता, असं तो म्हणाला. हिराने विचारलं की कप्तान शेवटी काय बोलला.

"विंग्रजी. माका काय समाजला नाय. आवाज दमलेलो होतो."

तिला ओरडायचं होतं. खऱ्या दर्यात त्याला शोधून आणता आला नाही म्हणून डब्यातल्या दर्यातून आणलात, आणि आणलात तो मारून आणलात, असं काहीतरी तिच्या जिभेवर आलं. पण समोर तो बोडका म्हातारा बसला होता. त्याने पोराला एकदा दर्भाचा करून जाळला होता आणि एकदा पोहवत किनाऱ्याला आणला होता. यातलं काय चुकलं म्हणून सांगायचं?

"तुमच्यासाठी कावळो उतरलो," ती एवढंच म्हणाली. "माका कोणी थंय उबा केल्यान?"

या वेळी आबाने उलट प्रश्न केला नाही.

तेव्हा संजना भिंतीपासून पुढे आली. हिराला वाटलं, ही आता माफी मागणार. पण पोरीने माफी मागितली नाही. तिने पदराखालून मंगळसूत्र बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. देवगडचं तिला सगळं माहीत होतं. त्या दिवसापासून तिने ते गळ्यात ठेवलं होतं ते फक्त सासूला दिसावं म्हणून, आणि रोज संध्याकाळी त्या पडद्यापुढे तिच्या शेजारी बसली होती तीही त्याचसाठी.

"आई, सांगा," ती म्हणाली. "ठेवू काय काढू? तुमी सांगशात तसा करतंय."

ठेव म्हणावं तर पोरीला जन्मभर त्या कठड्यापाशी उभी करून ठेवल्यासारखं होणार होतं. काढ म्हणावं तर पोराला आईनेच मारल्यासारखं होणार होतं. साऱ्या दांडीवर हिराच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तिने तोंड उघडलं. आबा, स्वरूप, दोघेही तिच्याकडे बघत होते, नेहमीसारखे, ती काय बोलते याची वाट बघत.

तिला एक शब्द सुचला नाही. संजना हात पुढे करून तशीच उभी राहिली.